सासू-सासऱ्यांना नायगरा, आणि आई-बाबांना पिट्सबर्ग?

(ओळख पटेल असे तपशील बदलून, पत्राचा गोषवारा)

आम्ही बरीच वर्षं पिट्सबर्गला राहतो. दोन वर्षांपूर्वी माझे सासू-सासरे आले होते, तेव्हा नवऱ्याने दोन आठवडे रजा काढून त्यांना न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगरा असं सगळं दाखवलं. (सासऱ्यांना विचाराल तर टाइम्स स्क्वेअरची एकच आठवण सांगतात : बाथरूम शोधत केलेली पायपीट.) येत्या जुलैत माझे आई-बाबा कोल्हापूरहून पहिल्यांदाच येताहेत, तीन महिन्यांसाठी. मी याच वर्षी नोकरी बदलली, त्यामुळे हाताशी जेमतेम पाच दिवसांची रजा. मुलगा तीन वर्षांचा. आईचे गुडघे दुखतात. बाबांची हयात शिरोलीच्या फौंड्रीत गेली. घरात नुसतं बसायची वेळ आली की त्यांची चिडचिड सुरू होते. नवरा म्हणतो, टूरच्या बसमध्ये बसवून देऊ, चार दिवसांत सगळं बघून येतील. पुण्याची बहीण विचारते, 'पिट्सबर्गमध्ये बघायला आहे तरी काय?' मला उत्तर सुचत नाही. आई म्हणते, 'आम्हांला काही बघायचं नाही गं, आम्ही तुम्हांला बघायला येतोय.' पण सासरच्यांनी टाकलेले फोटो तिने एकूण एक बघितलेत, हे मला ठाऊक आहे. बिनपगारी रजा घेऊन तीच सहल करू का? नाहीतर डावं-उजवं केल्याची टोचणी मला जन्मभर राहील.

उत्तर :

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक हिशेबाचा, कुणासाठी किती केलं. दुसरा साधा, तीन महिने या दोघांना कुठे न्यायचं. दुसऱ्यावर मी पुढे भरपूर लिहिणार आहे. पण पहिला सुटला नाही तर पिट्सबर्गमध्ये फिरतानाही तू मनातल्या मनात नायगराच मोजत राहशील, म्हणून आधी तो.

सासू-सासऱ्यांच्या वेळी रजा कुणी काढली होती? तुझ्या नवऱ्याने. आता तुझे आई-बाबा येताहेत तर हिशेब चाललाय तुझ्या पाच दिवसांचा, तुझ्या बिनपगारी रजेचा. त्याच्या रजेचं पत्रात नावच नाही! 'बसमध्ये बसवून देऊ' म्हणण्यात त्याचा काही वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. जावयाने सासू-सासऱ्यांना फिरवायला रजा काढावी, हे आपल्याकडे सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुझ्याही आलेलं नाही. डावं-उजवं होत असेल तर ते तिथे होतंय. नायगरा आणि पिट्सबर्ग यांच्यात नाही. तेव्हा त्याच्याशी बोल, आणि न भांडता, नेमकं मागून बोल : मला तुझे चार दिवस हवेत, आणि त्यातले दोन तू एकट्याने आई-बाबांसोबत काढायचेस. मी सोबत नसताना.

आता आईचं वाक्य. तू ते खरं धरत नाहीस, आणि तुझं अर्धं बरोबर आहे. आपल्या आया 'मला काही नको' हे सवयीनेच म्हणतात, अगदी ताटात चकली असतानासुद्धा. पण त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तू वाचलाच नाहीस. मुलगी कुठल्या रस्त्याने कामाला जाते, भाजी कुठून आणते, नातू कुठल्या बागेत खेळतो, हे त्यांना खरोखरच बघायचंय. तिला 'कुठे जायचं?' असं मोघम विचारू नकोस, उत्तर 'कुठेही' असंच येणार. 'नायगरा की वॉशिंग्टन? एकच जमेल' असं विचार. मग बघ, दोन मिनिटांत ठरतं की नाही.

बहुतेक ती नायगरा म्हणेल, आणि तिथे फार अडचण नाही. तुमच्याकडून नायगरा गाडीने साधारण चार तासांवर आहे. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत, एकही रजा न घालवता. अमेरिकेच्या बाजूने गोट आयलंडवर गाडी नेता येते, आणि तिथून धबधब्याचा कठडा बऱ्यापैकी जवळ आहे, गुडघ्यांना झेपेल इतका. 'मेड ऑफ द मिस्ट'ची बोट उन्हाळाभर असते. कॅनडाच्या बाजूने दृश्य जास्त चांगलं दिसतं हे खरं, पण त्यासाठी आई-बाबांना वेगळा व्हिसा लागेल. त्या भानगडीत पडू नका. न्यूयॉर्क सोडून दे. वॉशिंग्टनही चार तासांवरच आहे, नवऱ्याने उरलेले दोन दिवस दिले तर तिथली स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत. नाही जमलं तरी बिघडत नाही.

टूरच्या बसबद्दल माझं मत स्पष्ट आहे : गुडघे दुखणाऱ्या बाईने त्यात बसू नये. पहाटे उठून बॅगा बांधायच्या, दिवसभर बसायचं, उतरलं की अर्ध्या तासात फोटो काढून परत. धडधाकट माणसांना, आणि मैत्रिणींचा गट असेल तर, ती मजा वेगळी. एरवी तुझ्या सासऱ्यांची टाइम्स स्क्वेअरची आठवण पुरेशी बोलकी आहे.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येते. माझी एक मावसबहीण तुमच्या गावात बरीच वर्षं होती, त्यामुळे पिट्सबर्गबद्दल मी थोडी पक्षपाती आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण तुला उत्तर सुचत नाही याचं मला नवल वाटलं, ते तुझ्या बाबांमुळे. जन्मभर लोखंड ओतणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या एकाच गावी न्यायचं म्हटलं तर मी हेच निवडलं असतं.

विमानतळापासून सुरुवात कर. घरी येताना रस्ता फोर्ट पिट बोगद्यातून येतो. बोगद्याआधी नुसत्या टेकड्या, शहराचा मागमूस नाही, आणि बोगद्याच्या तोंडाशी एकदम नदी, पूल आणि उंच इमारती समोर उभ्या राहतात. तुझं घर दुसऱ्या दिशेला असलं तरी वळसा घालून तिथूनच आण. बाबांना पुढच्या सीटवर बसव आणि आधी काही सांगू नकोस.

मग पहिल्याच आठवड्यात ड्युकेन इनक्लाइन. १८७७ पासून माउंट वॉशिंग्टनच्या कड्यावर लोकांची ने-आण करणारी ही रुळांवरची गाडी. लाकडी डबे दोन, एकाच यंत्राला बांधलेले. विहिरीवरच्या दोन पोहऱ्यांसारखे, एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. पूर्वी या टेकडीला कोल हिल म्हणत. कोळसा तिच्यातच होता, कारखाने खाली नदीकाठी, आणि मजूर वर राहायचे. अशा इनक्लाइन गावात डझनाहून जास्त होत्या, आता दोनच उरल्यात. सगळे लोक वर जाऊन देखावा बघतात, फोटो काढतात आणि उतरतात. तू बाबांना वरच्या स्टेशनातल्या यंत्रघरात ने. तिथे गाडी ओढणारं जुनं यंत्र चालताना बघायला मिळतं, आणि त्यातल्या मोठ्या चाकाचे दाते लाकडाचे आहेत. बीडाच्या चाकाला लाकडाचे दाते! एखादा झिजला तर तेवढा काढून नवा ठोकता येतो. तुझे बाबा तिथून लवकर हलणार नाहीत, तेव्हा आईसाठी आधी बाहेर बाक शोधून ठेव. देखावा तिच्या वाट्याचा : अलेगेनी आणि मोनोंगहेला या नद्या एकमेकींना भेटून ओहायो नदी सुरू होते ते टोक, आणि तिथलं दीडशे फुटी कारंजं. दोन नद्यांचा संगम म्हटल्यावर कोल्हापूरच्या बाईला काय वाटतं ते तू मला सांगायला नको, नरसोबाची वाडी तुमच्याकडेच आहे.

बाबांसाठी दुसरी जागा म्हणजे केरी फर्नेसेस. गावाच्या थोडं बाहेर, मोनोंगहेलाच्या काठावर दोन ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंडाच्या प्रचंड भट्ट्या, उभ्या आहेत, ९२ फूट उंच, १९०७ साली बांधलेल्या. इथलं वितळलेलं लोखंड पुलावरून पलीकडच्या होमस्टेड कारखान्यात जायचं, पोलाद करायला. काम बंद पडून चाळीसहून जास्त वर्षं झाली. आता 'रिव्हर्स ऑफ स्टील' नावाची संस्था तिथे माणसांना फिरवून दाखवते, साधारण मे ते ऑक्टोबर. जमीन उंच-सखल आहे, पायात बंद बूट हवेत, म्हणून आईला आणि छोट्याला घरी ठेव. इथे नवऱ्याला पाठव. जावई आणि सासरे यांनी एकत्र दोन-तीन तास काढायला भट्टीइतकी सोयीची जागा नाही. बोलायला विषय शोधावा लागत नाही, सासरे शिकवतात, जावई ऐकतो.

नवऱ्याने जाताना एवढं वाचून जावं. १९०२ साली जमशेटजी टाटा अमेरिकेत आले होते, तेव्हा पिट्सबर्गला येऊन ते ज्युलियन केनेडी या पोलादतज्ज्ञाला भेटले. त्यानेच त्यांना चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याचं नाव सुचवलं, आणि पुढे पेरिन हिंदुस्थानात आले. टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली तीही १९०७ सालीच. जमशेदपूरचा धागा तुमच्या गावातून जातो, आणि तुम्ही लोक नायगराचं तिकीट शोधताय.

याच होमस्टेडला १८९२ साली कामगारांचा मोठा संप झाला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींच्या कंपनीने खासगी बंदूकधारी माणसं नदीतून आणली, दोन्हीकडची माणसं मेली. कार्नेगींची लायब्ररी, कार्नेगींचं संग्रहालय हे सगळं बघताना ही गोष्टही बाबांना सांग. एमआयडीसीत हयात काढलेल्या माणसाला या दोन्ही बाजू कळतात.

आणि डाउनटाउनमधून कधी जाणं झालंच तर यूएस स्टीलचा ६४ मजली टॉवर खालूनच दाखव. तपकिरी दिसतो तो रंग नाही, गंज आहे, मुद्दाम येऊ दिलेला. पोलादच असं, की वरचा गंजाचा थर आतल्या धातूला राखतो. बाहेरचे खांब पोकळ असून आगीपासून बचावासाठी त्यांत पाणी भरलेलं असतं. तिकीट नाही, रांग नाही.

आईचा विषय निघाला की सगळे 'देऊळ' म्हणतात. पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं देऊळ दाखवच, १९७६ सालचं आहे, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या देवळांपैकी, आणि तिथल्या कँटीनमध्ये चिंचेचा भात मिळतो. गणपतीत तुमच्याकडची मराठी मंडळी जमत असतीलच. पण आईला फक्त देवळात नेऊन सोडू नकोस. तिच्यासाठी मी ओकलंडचा भाग निवडेन. तिथे सगळं चालण्याच्या अंतरात आहे, सपाटी आहे, बाक आहेत.

पिट्सबर्ग विद्यापीठाची ४२ मजली कॅथीड्रल ऑफ लर्निंग तू रोज लांबून बघत असशील. आत कधी गेलीस का? तळाशी देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा असलेलं उंच कमानींचं दालन आहे, आणि भोवती वेगवेगळ्या देशांच्या नावाच्या ३१ खोल्या. गावात कारखान्यांसाठी आलेल्या लोकांनी आपापल्या देशाची एकेक खोली वर्गणी काढून सजवली. पोलिश, ग्रीक, सीरियन, चिनी. पहिल्या खोल्या १९३८ सालच्या. भारताची खोली २००० साली झाली, नालंदाच्या विटांच्या अंगणाच्या धर्तीवर. या नुसत्या शोभेच्या नाहीत, बहुतेकांमध्ये तास चालतात, म्हणून शनिवार-रविवारी जा. आईला ग्रीक खोलीपुढे उभी करून विचार, आपली महाराष्ट्राची खोली असती तर काय ठेवलं असतंस? ती दिवसभर त्यावरच बोलेल.

तिथून पूल ओलांडला की फिप्स कॉन्झर्व्हेटरी. १८९३ सालचं काचेचं घर. कोल्हापुरात परसात वाढणारी झाडं इथे काचेखाली, पाट्या लावून जपलेली बघून तिला हसू येईल. मागितली की व्हीलचेअर मिळते. आईला त्यात बसायला लाज वाटेल, तेव्हा नातवाला मांडीवर दे.

नातवाचं आणि आजोबांचं ठिकाण म्हणजे नैसर्गिक इतिहासाचं कार्नेगी संग्रहालय. तिथे डिप्पी आहे, १८९९ साली वायोमिंगमध्ये सापडलेल्या डिप्लोडोकस या डायनोसॉरचा खराखुरा सांगाडा. मंगळवारी संग्रहालय बंद असतं. वर्षाची सभासदी घेतलीत तर कलेचं संग्रहालय, विज्ञान केंद्र आणि चित्रकार अँडी वॉरहॉलचं म्युझियमही त्यात येतात. तीन महिन्यांचे पाहुणे असताना ती सहज वसूल होते. शिवाय अलेगेनी काउंटीतलं लायब्ररीचं कार्ड असलं की 'रॅड पास'वर काही ठिकाणांची फुकट तिकिटं आरक्षित करता येतात. माझ्या बहिणीसारखी माणसं वर्षानुवर्षं पूर्ण पैसे भरतात, कारण लायब्ररीत पाऊल टाकत नाहीत.

हे सगळं झालं शनिवार-रविवारचं. पण मला येणाऱ्या पत्रांमध्ये परदेशी आलेल्या आई-वडिलांची जी रड असते ती कधीच शनिवारची नसते. ती असते मंगळवारी दुपारी अडीचची. मुलगा-सून कामावर, नातू पाळणाघरात, टीव्हीवर तेच ते, आणि दाराबाहेर पडलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाबांची चिडचिड तीच आहे. तिच्यावर सहलीचं औषध लागू पडत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्यांना एकट्याने घराबाहेर पडता येणं.

म्हणून तुझ्या पाचांपैकी दोन दिवस सहलीला न घालवता पहिल्या आठवड्यात बाबांना बस शिकवायला दे. कार्ड कसं टॅप करायचं, उतरायचं असेल तेव्हा दोरी कुठली ओढायची, परतीचा थांबा समोरच्या बाजूला असतो. ओकलंडला जाणारी तुमच्या जवळची बस शोध. पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी बस, दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर बस आणि गप्प राहा. खिशात घरचा पत्ता आणि तुमचे दोघांचे नंबर कागदावर लिहून ठेव, फोनवर भिस्त नको. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. डाउनटाउन ते नॉर्थ शोअर 'टी' रेल्वे फुकट आहे, ती नदीखालून जाते. बाबा रोज जातील, बघ. नातवाला घेऊन गेले तर आणखी चांगलं.

ओकलंडची कार्नेगी लायब्ररी १८९५ पासून उघडी आहे आणि दारावरच कोरलंय की ती लोकांसाठी मोफत आहे. आत बसायला कुणी पैसे मागत नाही, बाथरूम स्वच्छ. (सासऱ्यांना कळवायला हरकत नाही.) आई तिथे बसेल, बाबा आसपास भटकतील. शनिवारी सकाळी सगळे मिळून स्ट्रिप डिस्ट्रिक्टला जा, घाऊक बाजाराचा जुना भाग, फुटपाथवर ढकलाढकली, मासळीचं दुकान, चीजचे गोळे. इथल्या प्रिमँटीच्या सँडविचमध्ये बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि कोबी आतच भरतात. मिसळीत फरसाण खाणाऱ्यांना ते विचित्र वाटायचं कारण नाही.

एक खास कोल्हापूरकरांसाठी. लोक तुम्हांला बेसबॉलला न्या म्हणतील. पीएनसी पार्कमधून नदीपलीकडचं शहर सुंदर दिसतं, पण बाबा तिसऱ्या डावात कंटाळतील. त्याऐवजी रिव्हरहाउंड्सचा फुटबॉलचा सामना बघायला न्या, मैदान मोनोंगहेलाच्या काठीच आहे आणि हंगाम ऑक्टोबरपर्यंत चालतो. पेठांचे सामने बघत वाढलेल्या माणसाला नियम समजावून सांगावे लागत नाहीत.

फॉलिंगवॉटरबद्दल तुला कुणीतरी नक्की सांगेल. फ्रँक लॉइड राइटने धबधब्यावर बांधलेलं घर, २०१९ पासून जागतिक वारसा यादीत. सुंदरच आहे, पण सहा वर्षांखालच्या मुलांना घरातल्या टूरवर घेत नाहीत, जिनेही आहेत. या खेपेला नको. मूल मोठं आणि गुडघे धड असणाऱ्यांनी जरूर जावं, तिकीट आधी काढून.

राहिली ग्रुपवरच्या फोटोंची गोष्ट. नायगराचा एक फोटो टाकाल, तेवढा पुरे आहे. त्यावर कोण काय म्हणेल याचा बंदोबस्त तुझ्या हातात नाही. बहिणीला लाकडी दात्यांच्या चाकाचा फोटो पाठव आणि खाली काही लिहू नकोस, विचारेल ती.

केरी फर्नेसेसच्या टूर ठरावीक दिवशीच असतात, तेव्हा आई-बाबा विमानात बसायच्या आधी तिकीट काढून ठेव. आणि नवऱ्याच्या रजेचा अर्ज त्याच्याही आधी जाऊ दे.